पापणीवरची चामखीळ, पिवळे डाग आणि दाणे: चिरफाड न करता काढून घ्यायचे असतील तर

पापणीवर काही उगवलं की आपल्याकडे पहिला सल्ला घरातच मिळतो. कुणी चुना लाव म्हणतं, कुणी घोड्याच्या शेपटीचा केस बांध म्हणतं, कुणी लवंग उगाळून देतं. हल्ली त्यात पार्लरची भर पडली आहे, तिथं दोन मिनिटांत जाळून देतात. मी बेळगावात डोळ्यांच्या ओपीडीत रुग्णांना समजावून सांगायचं काम करते. निपाणीपासून खानापूरपर्यंतची माणसं माझ्यासमोर येऊन बसतात ती बहुतेक वेळा यातलं काहीतरी करून झाल्यावर. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पापणीवरचे बहुतेक दाणे, डाग आणि चामखिळी निरुपद्रवी असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा सुरी न लावता, टाके न घालता निघतात. पण आधी ते काय आहे हे नक्की करायचं आणि मगच हात लावायचा. जाळलेल्या, गोठवलेल्या, ॲसिडने उडवलेल्या गोष्टीची तपासणी नंतर करता येत नाही, कारण तपासायला काही उरतच नाही. ती गोष्ट साधी होती की नव्हती, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

पापणीची कातडी शरीरातली सर्वांत पातळ कातडी आहे, जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरची. तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नसतो आणि लगेच मागे डोळा असतो. मानेवरच्या चामखिळीला जे चाललं ते इथं चालेलच असं नाही.

पहिली पायरी: आरशासमोर, दिवसाउजेडी

ट्यूबलाइटखाली पाहू नका. सकाळी खिडकीशी आरसा घेऊन बसा, काजळ-पावडर पुसून टाका आणि एक एक डोळा मिटून पापणी नीट पाहा. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून मोबाइलवर जवळून फोटो काढून घ्या. शेजारी मिलिमीटरची पट्टी धरली तर आकार कळतो, आणि महिन्याभराने त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा फोटो काढला तर वाढतंय का तेही कळतं. डॉक्टरांना "पहिल्यापेक्षा मोठं झालंय असं वाटतं" असं सांगण्यापेक्षा तारखेसकट दोन फोटो दाखवणं फार कामाचं.

पाहायचं काय? एक, ते पापणीच्या कातडीवर आहे की केस उगवतात त्या कडेवर. दोन, तिथले पापणीचे केस जागेवर आहेत का. तीन, पृष्ठभाग अखंड आहे की फुटलेला, खपली धरलेला. चार, दोन्ही डोळ्यांना सारखं आहे की एकालाच. या चार गोष्टी कागदावर लिहून नेल्यात तर तपासणीचं निम्मं काम होतं.

आता कोणतं काय असू शकतं ते बघू.

बारीक देठावर लोंबणारी, मऊ, कातडीच्या किंवा तपकिरी रंगाची चामखीळ ही सर्वांत जास्त दिसणारी. मानेवर, काखेत आणि पापणीवर एकाच माणसाला असतात. वजन वाढलेल्यांना, मधुमेहाच्या वाटेवर असलेल्यांना आणि गरोदरपणात जास्त येतात. चाळिशीच्या आसपास एकदम बऱ्याच चामखिळी आल्या असतील तर त्या काढण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

खरखरीत, बारीक बोटांसारखे कोंब आलेली चामखीळ वेगळी. ती विषाणूमुळे येते आणि खाजवल्याने, चोळल्याने पसरते. मुलांत आणि तरुणांत ती जास्त दिसते.

मुलांच्या पापणीवर दोन ते पाच मिलिमीटरचे गुळगुळीत, चकचकीत दाणे आणि त्यांच्या मध्यभागी बारीक खळगा असेल तर ते बहुधा मोलस्कम. हाही विषाणूच, आणि तोही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जातो. हे दाणे बहुतेकदा सहा महिने ते दीड वर्षात आपोआप जातात. पण दाणा पापणीच्या अगदी कडेवर असेल तर त्यातले विषाणू डोळ्यात पडत राहतात आणि डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो. थेंबांवर थेंब घालून लाली जात नसेल तर डॉक्टरांना पापणीची कड बारकाईने पाहायला सांगा. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर असे पुष्कळ किंवा मोठे दाणे आले तर एचआयव्हीची तपासणी करतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तो नेहमीच्या तपासणीचा भाग आहे.

एक-दोन मिलिमीटरचे घट्ट पांढरे दाणे म्हणजे मिलिया. कातडीखाली केराटिन, म्हणजे कातडीतलंच कठीण प्रथिन, साठलेलं असतं, बाकी काही नाही. खालच्या पापणीखाली, दोन्ही बाजूंना, कातडीच्याच रंगाचे बरेच बारीक दाणे असतील, विशेषतः बायकांना, तर ते सिरिंगोमा. ते घामाच्या नलिकांपासून येतात. गालावर आणि पापणीखाली काळसर बारीक ठिपके वाढत जातात ते सावळ्या कातडीत फार दिसतात, पुष्कळदा आईला असतात आणि मुलीलाही येतात. कडेजवळ पाण्याने भरलेला पारदर्शक फुगा दिसला तर ती घामाच्या ग्रंथीची गाठ.

पिवळ्या डागांबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण ते फक्त कातडीचं प्रकरण नाही.

राहिली रांजणवाडी. लाल, ठणकणारी, दोन दिवसांत आलेली असते ती रांजणवाडी. ठणका जाऊन पापणीत घट्ट, न दुखणारी गाठ उरते ती कॅलेझियन, म्हणजे पापणीतल्या तेलग्रंथीचं तोंड बंद होऊन साठलेली गाठ. तिला चामखीळ समजून जाळायला जाणारे लोक मी पाहिले आहेत.

थांबायचं कुठे

खालीलपैकी काहीही दिसलं तर काढून घ्यायचा विचार बाजूला ठेवा आणि आधी नेत्रतज्ज्ञांकडे जा. गाठीवरचे पापणीचे केस गळलेत. मधोमध व्रण पडलाय किंवा खपली निघते आणि पुन्हा रक्त येतं. कडा मेणासारखी चकचकीत, उंचावलेली आहे आणि तिच्यात बारीक रक्तवाहिन्या दिसतात. काही महिन्यांत आकार वाढलाय. जन्मापासूनचा तीळ एकाएकी रंग बदलतोय. एकाच डोळ्याची पापणी कितीही औषधं घातली तरी सुजलेली, लाल राहते. किंवा गाठ काढून घेतली आणि त्याच जागी ती परत आली.

शेवटचं फार महत्त्वाचं आहे. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगात बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीच्या खालच्या थरातल्या पेशींचा कर्करोग, फार पुढे आहे. आपल्या भारतात मात्र तेलग्रंथींचा कर्करोग त्याच्या बरोबरीने सापडतो, आणि तो अगदी साध्या कॅलेझियनसारखा दिसतो. दुखत नाही, खुपत नाही. वरच्या पापणीत तेलग्रंथी जास्त असतात, म्हणून तो तिथं जास्त होतो. त्यामुळे वयस्कर माणसाला त्याच जागी पुन्हा गाठ आली तर ती नुसती काढून फेकायची नाही, तुकडा तपासायला पाठवायचाच. हा आजार लवकर सापडला तर डोळा वाचतो आणि माणूसही.

तीळ कधीच लेसरने किंवा कॉटरीने (विजेवर तापवलेल्या टोकाने) जाळून घेऊ नका, अगदी लहानपणापासूनचा असला तरी. काढायचाच असेल तर कापून काढतात आणि तपासतात. तिथं चिरफाड टाळायचा हट्ट धरू नये.

दुसरी पायरी: घरगुती काही लावू नका

हे मी पोटतिडकीने लिहिते आहे. आपल्या भागात पापणीवर जे लावलं जातं त्यात चुना आणि सोडा आहे, रुईचा चीक आहे, बिब्बा आहे, लसूण ठेचून बांधणं आहे, जळती उदबत्ती टेकवणं आहे. मेडिकलमध्ये मिळणारी पायाच्या कुरुपाची औषधंही आहेत. चुना अल्कली आहे, आणि अल्कली डोळ्यात गेली की ती आत आत शिरत जाते, ॲसिडपेक्षाही वाईट. रुईच्या चिकाने बुबुळाच्या सर्वांत आतल्या थराला इजा होते. गंमत म्हणजे सुरुवातीला फारसं दुखत नाही, फक्त धूसर दिसायला लागतं, आणि म्हणून माणूस उशिरा येतो.

चंदगडच्या बाजूच्या एक मावशी आमच्याकडे आल्या होत्या. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायचं काम. उजवी पापणी इतकी सुजली होती की डोळा उघडेना, आणि वरची कातडी काळी पडून पापुद्र्यासारखी सुटत होती.

"मावशी, काय लावलं होतं?"

"काजूच्या टरफलाचं तेल. हातावरची चामखीळ गेली हुती त्येनं."

डॉक्टरांनी बोटांनी अलगद पापणी उघडून पाहिली. बुबुळ वाचलं होतं. आजूबाजूची कातडी भाजून निघाली होती, आणि ज्या चामखिळीसाठी हे सगळं केलं ती मधोमध जशीच्या तशी होती, देठासकट. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजणारंच असतं, ते काम करणाऱ्या बायकांचे हात पाहिले तर कळतं. बिब्बाही त्याच कुळातला.

इंटरनेटवरून मागवलेल्या चामखिळीच्या क्रीमना हाच नियम लावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तीळ किंवा लोंबती चामखीळ घरी काढण्यासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. केस किंवा दोरा बांधून चामखीळ वाळवायची पद्धत मानेवर एखाद्या वेळी चालून जाते. पापणीवर तो दोरा सैल पडला तरी बुबुळावर घासतो, घट्ट बसला तर जंतुसंसर्ग होतो. पापणीचा संसर्ग मागे डोळ्याच्या खोबणीत पसरू शकतो, म्हणून इथं तो धोका पत्करू नये.

तिसरी पायरी: कुठे जायचं

पापणीच्या कातडीवर, कडेपासून दूर असलेल्या चामखिळी, काळे ठिपके, मिलिया, सिरिंगोमा यांसाठी त्वचारोगतज्ज्ञ. कडेवर, केसांच्या ओळीत, पापणीच्या आत किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात अश्रूंच्या छिद्राजवळ काही असेल तर नेत्रतज्ज्ञ, आणि त्यातही पापण्यांचं काम करणारे ऑक्युलोप्लास्टीचे डॉक्टर मिळाले तर उत्तम. शंकेचं असेल तर दोन्ही विभाग आणि पॅथॉलॉजी एकाच छपराखाली असलेल्या ठिकाणी गेलेलं बरं. बेळगावात नेहरूनगरचं केएलई हॉस्पिटल किंवा सिव्हिल, म्हणजे बिम्स, इथं हे सगळं आहे. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणी-रायबाग-कुडचीकडच्यांना मिरज. सोयीचं असेल तिथं जा. फक्त पुन्हा दोन-तीनदा जावं लागणार हे धरून ठिकाण निवडा.

खासगी दवाखान्यात गेलात तर भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र पाहा. कर्नाटकात २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली, ज्याला सगळे केपीएमई म्हणतात, दवाखान्याला नोंदणी लागते. पार्लरमधला "प्लाझ्मा पेन" त्या नोंदणीत बसत नाही. पापणीवर ठिणगी मारणाऱ्या माणसाला डोळ्याच्या मागे काय आहे हे शिकवलेलं असावं, एवढी अपेक्षा तरी आपण ठेवायलाच हवी.

संमतीपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत छापलेलं असतं. सही करण्याआधी ते मराठीत वाचून, समजावून द्या म्हणून सांगा. सांगायला संकोच करू नका, समजलेल्या भाषेत संमती देणं हा रुग्णाचा हक्क आहे, आणि आपल्याकडे नर्स, आया, वॉर्डबॉय यांतलं कुणी ना कुणी मराठी बोलतंच.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी रुग्णांना चिठ्ठीवर लिहून देते. हे काय आहे, तुम्हाला किती खात्री आहे? तुकडा तपासायला पाठवणार का, नसेल तर का नाही? कोणत्या पद्धतीने काढणार? डोळा कशाने झाकणार? माझ्या रंगाच्या कातडीवर डाग राहील का? किती वेळा यावं लागेल, आणि सगळ्याचा मिळून खर्च किती? सौंदर्यासाठी केलेलं काम विम्यात किंवा आयुष्मान-आरोग्य कर्नाटकसारख्या योजनेत सहसा बसत नाही, त्यामुळे तपासणी, सगळ्या सिटिंग आणि मलमं धरूनचा आकडा आधीच विचारून घ्या.

आणि तुमच्याकडून त्यांना सांगायचं ते असं: रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का (स्वतःहून बंद करू नका), छातीत पेसमेकर आहे का (कॉटरी आणि रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींनी कातडी कापण्या-जाळण्याची पद्धत, यांच्या आधी हे कळायलाच हवं), मधुमेह, कान टोचल्यावर किंवा जखमेवर गाठ वाढायची सवय, ओठावर वारंवार येणारी नागीण, मुरुमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या, गर्भारपण, आणि भूल दिल्यावर पूर्वी काही त्रास झाला होता का.

चौथी पायरी: कशाला काय

लोंबती चामखीळ: सर्वांत सोपं काम. देठाशी बधिर करणाऱ्या लिग्नोकेनचं बारीक इंजेक्शन देऊन रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा कॉटरीच्या टोकाने देठ उडवतात. काही मिनिटांचं काम. काही डॉक्टर बारीक कात्रीने देठ कापतात. ती शस्त्रक्रिया म्हणावी इतकीही मोठी गोष्ट नाही, आणि तिचा एक फायदा आहे, तुकडा हातात येतो आणि तपासायला पाठवता येतो. मला स्वतःला कडेजवळच्या चामखिळीसाठी हीच पद्धत पटते. कॉटरीच्या आधी स्पिरिटने पुसलं असेल तर ते पूर्ण वाळू द्यावं लागतं, ओल्या स्पिरिटला ठिणगी लागली तर ते पेट घेतं. बधिर करणारं क्रीम पापणीवर लावत असतील तर ते कडेपर्यंत आणू देऊ नका, डोळ्यात उतरलं तर बुबुळाला इजा होते.

लिक्विड नायट्रोजनने गोठवणं: उणे १९६ अंशांचा नायट्रोजन. पापणीवर त्याचा फवारा मारत नाहीत, चिमटा त्यात बुडवून देठ धरतात. दुसऱ्या दिवशी पापणी बरीच सुजते, घाबरायचं कारण नाही. पण आपल्या सावळ्या कातडीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीला फार नाजूक असतात, शून्याखाली चार-पाच अंशांतच मरायला लागतात. म्हणून गोठवल्यावर पांढरा डाग राहायची शक्यता आपल्यात जास्त. पापणीचे केसही जाऊ शकतात. पर्याय असेल तर दुसरा निवडा.

मिलिया: निर्जंतुक सुईने टोचून दाणा बाहेर काढतात. घरी स्वयंपाकघरातल्या सुईने करू नका.

सिरिंगोमा आणि काळे ठिपके: कमी शक्तीची रेडिओफ्रिक्वेन्सी, कॉटरी किंवा लेसर. इथं डॉक्टरांनी हात आखडता ठेवलेला चांगला. पहिल्या खेपेला दोन-तीनच दाणे काढून दीड-दोन महिने थांबून डाग राहतो का हे पाहायचं, मग बाकीचे. सिरिंगोमा परत येतात, त्यांची मुळं कातडीत खोल असतात. पूर्ण सपाट करायच्या नादात खोल जाळलं तर खड्डा पडतो, आणि खड्डा दाण्यापेक्षा जास्त उठून दिसतो.

लेसर: कार्बन डायऑक्साइड लेसर १०,६०० नॅनोमीटरचा आणि अर्बियम लेसर २,९४० नॅनोमीटरचा, दोन्ही कातडीतल्या पाण्यात शोषले जातात आणि पातळ थर उडवतात. पापणीच्या कडेजवळ लेसर वापरायचा असेल तर बधिर करणारे थेंब घालून बुबुळावर धातूची टोपी बसवायला हवी. डोळे मिटून वर ओला कापूस, एवढ्यावर कडेजवळचं काम करू देऊ नका. "टोपी बसवणार ना?" असं थेट विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

मोलस्कम: लहान मुलाचे दाणे कडेपासून दूर असतील आणि डोळा शांत असेल तर वाट पाहणं हाच उपचार. कडेवरचा दाणा मात्र काढतात, म्हणजे डोळ्याची लालीही जाते. अगदी लहान मूल स्थिर राहत नाही, त्याला भूल लागू शकते, आणि ती फक्त हॉस्पिटलमध्येच. घरात टॉवेल वेगळा ठेवा.

कॅलेझियन: याला आधी शेक. स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर दहा मिनिटं धरायचं, थंड झालं की पुन्हा बुडवायचं, असं दिवसातून तीन-चार वेळा. कापड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, तिथं चटका बसला तर पापणीला जास्तच बसेल. शेकल्यानंतर बोटाने पापणी केसांच्या दिशेने हलके चोळायची, वरची खाली, खालची वर. चार आठवडे नेमाने केलं तर पुष्कळ गाठी विरतात. लोक चार दिवस शेकून "काही फरक नाही" म्हणून येतात. विरली नाही तर ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडचं बारीक इंजेक्शन गाठीत देतात. ते बाहेरून दिलं तर सावळ्या कातडीवर फिकट चट्टा पडू शकतो, म्हणून पापणी उलटवून आतून देणं बरं. तरीही गाठ राहिली तर आतून छोटी चीर देऊन काढतात, आणि ती पुन्हा आली तर वर सांगितल्याप्रमाणे तपासणी.

पिवळे डाग

डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी, बहुधा वरच्या पापणीवर, मऊ पिवळसर चट्टे येतात. त्यांना झँथेलाझ्मा म्हणतात. कातडीत कोलेस्टेरॉलने भरलेल्या पेशी साठतात. अशा माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल सामान्य असतं, त्यामुळे डाग दिसला म्हणजे चरबी वाढलेलीच असं नाही. पण तपासणी न करता डाग काढणं चूक. कोपनहेगनमध्ये बारा हजारांहून जास्त माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पापणीवर असे डाग असलेल्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला, आणि कोलेस्टेरॉलचा हिशेब वेगळा काढल्यावरही तो जास्तच राहिला. बुबुळाभोवती वयाप्रमाणे येणाऱ्या राखाडी कड्याचा तसा स्वतंत्र संबंध दिसला नाही. म्हणून लिपिड प्रोफाइल, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या, आणि घरात कुणाला कमी वयात झटका आला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पिवळा डाग पापणीवर असला तरी फॅमिली डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

काढायचा ठरला तर पातळ, छोट्या डागासाठी ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड वापरतात, बहुधा ७० ते १०० टक्के तीव्रतेचं. हे जवळून पाहिलं की कळतं किती हिशेबाने करावं लागतं. रुग्णाला आडवं झोपवतात, डोळे मिटवून आजूबाजूच्या कातडीवर मलमाचा कठडा करतात. लाकडी काडीचं टोक ॲसिडात बुडवून बाटलीच्या कडेला निथळतात, थेंब लोंबता कामा नये. आधी डागाची कड, मग मधला भाग. काही सेकंदांत ती जागा पांढरीफटक पडते, आणि चुरचुर होते ती काही मिनिटांत शमते. शेजारी सलाइन भरलेली सिरिंज हाताशी ठेवलेली असते, डोळ्यातून पाणी आलं आणि त्याच्यासोबत ॲसिड आत गेलं तर लगेच धुवायला. नंतर खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत पडते. जाड डागाला दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन सिटिंग लागतात. फार जाड, पापणीभर पसरलेला डाग असेल तर लेसर किंवा सरळ शस्त्रक्रिया. डाग पुन्हा येणं साधारण आहे, कोणत्याही पद्धतीने काढला तरी. "कायमचा जाईल" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाचवी पायरी: दिवस कोणता निवडायचा

लग्नाच्या आठवडाभर आधी येणाऱ्या मुली पाहून मला वाईट वाटतं, कारण त्यांना परत पाठवावं लागतं. खपली पडल्यावर खालची कातडी गुलाबी असते, मग काही आठवडे काळपट दिसते, आणि रंग सारखा व्हायला दोन-तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तारीख ठरली असेल तर तीन महिने आधी काढून घ्या, नाहीतर लग्नानंतर.

आपल्या हवेत दिवाळीनंतरचे महिने बरे. उन्हाळ्यात ऊन आणि घाम, आणि खानापूरकडच्या पावसाळ्यात तर कपडासुद्धा वाळत नाही. गणपतीच्या मिरवणुकीचा गुलाल, शिवजयंतीची गर्दी, रंगपंचमी, यांच्या आसपासचे दोन आठवडे टाळा. उसाच्या फडात, निपाणीकडच्या तंबाखूच्या धुळीत किंवा काजूच्या कारखान्यात काम असेल तर निदान एक आठवडा सुट्टी जमेल असा काळ निवडा. चुलीसमोर बसणाऱ्या बायकांनी ते काम तेवढे दिवस घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं. हे बोलायला सोपं, घरात घडवून आणायला अवघड, म्हणून मी सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूलाच समोर बसवून सांगते.

त्या दिवशी चेहरा साबणाने धुऊन, काजळ न घालता या. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. जेवून या. सोबत कुणीतरी असू द्या, कारण परत जाताना एक डोळा झाकलेला असू शकतो आणि गाडी चालवता येणार नाही.

सहावी पायरी: नंतरचे पंधरा दिवस

पहिल्या दिवशी सूज असेल तर स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून पाच-पाच मिनिटं धरा आणि रात्री दोन उश्या घेऊन झोपा. चोवीस तासांनी पाण्याने हलके धुवायला हरकत नाही, चोळू नका, टिपून घ्या. डॉक्टरांनी दिलेलं मलम डोळ्याचंच आहे ना, हे ट्यूबवर पाहा. कातडीचं मलम डोळ्यात गेलं तर त्रास होतो, आणि घरात पडलेली स्टेरॉइडची ट्यूब तर अजिबात लावायची नाही.

खपली काढायची नाही. हे एक वाक्य मी सर्वांत जास्त वेळा बोलते. खाज सुटते, आरशात ती काळी खपली डोळ्यांत खुपते, आणि नखाने जरा उचकटली की त्या जागी डाग कायमचा राहतो. तिला पडायची असेल तेव्हा ती पडेल.

काजळ, आयलायनर, सुरमा दोन आठवडे बंद. जुनी काजळाची डबी फेकून द्या, तिच्यात आधीचे जंतू असतात. बाहेर जाताना गॉगल, टोपी किंवा डोक्यावरून पदर. खपली पडल्यावर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पापणीच्या वरच्या कडेपर्यंत लावा, डोळ्यात उतरेल इतकं खाली नको. काळपट डाग घालवायला मेडिकलमधून गोरेपणाची क्रीम आणू नका, त्यातल्या कित्येकांत स्टेरॉइड असतं. पापणीवर ते बराच काळ लावलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो.

वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढत असतील, पू येत असेल, नजर धूसर झाली असेल, डोळा हलवताना दुखत असेल किंवा पापणी पूर्ण मिटत नसेल तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा. रात्र असेल तर कॅज्युअल्टीत. आणि काही कारणाने ॲसिड, चुना, चीक डोळ्यात गेलाच तर आधी नळाखाली किंवा तांब्याने स्वच्छ पाणी ओतत पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा, पापणी बोटांनी उघडून धरून, मगच रिक्षा बोलवा. त्या पंधरा मिनिटांवर नजर अवलंबून असते.

तुकडा तपासायला पाठवला असेल तर रिपोर्ट आणायला स्वतः जा. "काही असतं तर त्यांनी फोन केला असता" असं धरून बसू नका, नंबर चुकीचा लिहिलेला असतो, फोन लागत नाही. रिपोर्टचा फोटो मोबाइलवर आणि मूळ कागद फाइलमध्ये ठेवा. त्याच जागी पुढे काही उगवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा तोच कागद हवा असतो. सहा आठवड्यांनी एकदा दाखवून या, सगळं ठीक दिसत असलं तरी, आणि सुरुवातीला काढलेले फोटो सोबत न्या.